जलद ज्युसर आणि स्लो ज्युसर: फरक तापण्याचा नाही, पिळण्याचा आहे

"स्लो ज्युसरच घ्या, जलदवाला रस तापवतो आणि जीवनसत्त्वं जाळतो." उन्हाळा लागला की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत हे वाक्य ऐकू येतं. दुकानदार सांगतो, सुट्टीला गावी आलेले चाकरमानी सांगतात, आणि ऐकणारा पुढच्याला सांगतो. दोन यंत्रांत फरक आहे हे खरं, पण त्याचं कारण भलतंच सांगितलं जातं. मग लोक महागडं यंत्र आणतात, त्यात नको ती फळं घालतात आणि ज्या फळांसाठी ते खरोखर उपयोगी आहे ती बागेत कुजत पडतात.

जलद ज्युसर पुष्कळ घरांत असतो, ज्युसर-मिक्सरला जोडायचं जाळीचं भांडं म्हणजे तोच. तळाशी दातेरी चकती, भोवती जाळी, मिनिटाला हजारो फेरे. स्लो ज्युसरमध्ये चकती नसते, जाड मळसूत्र असतं. ते मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेतं आणि फळ चेचत जाळीवर दाबत नेतं.

आधी तापण्याचं बघू. जलद ज्युसरमध्ये फळ चकतीवर काही क्षणच असतं. गरम होते ती मोटर. रस काढल्याबरोबर चमच्याने चाखून बघा, जवळपास फळाइतकाच गार लागेल. तेवढ्या उबेने क जीवनसत्त्व नाहीसं होत नाही. ते कमी होतं हवेने आणि वेळेने. जलद ज्युसर रसात हवा घुसळतो, म्हणून वर फेस येतो, सफरचंदाचा रस चटकन तपकिरी पडतो आणि पेल्यात पाणी खाली, गर वर असे थर होतात. काढला आणि लगेच प्यायला, तर यातलं फारसं काही बिघडत नाही. बाटलीत भरून दिवसभर ठेवायचा असेल तर स्लो ज्युसरचा रस जास्त बरा राहतो. जीवनसत्त्वांच्या गप्पांत दम आहे तो एवढाच.

खरा फरक रस वेगळा कसा होतो यात आहे, आणि नेमका तोच कोणी सांगत नाही. धुतलेलं कापड झटकलं तर थोडं पाणी उडतं, पिळलं तर निथळून येतं. जलद ज्युसर झटकतो, स्लो ज्युसर पिळतो. झटकून रस निघायचा तर आधी फळाचा कोरडा, सुटा कीस व्हायला हवा. गाजर, बीट, सफरचंद यांचा तसा कीस होतो. मऊ फळाचा होत नाही, त्याचा लगदा होतो. लगदा जाळीची भोकं लिंपून टाकतो, फिरणारी जाळी एका बाजूला जड होऊन यंत्र थरथरायला लागतं आणि बराच रस चोथ्याबरोबर जातो. दुकानात प्रात्यक्षिक नेहमी गाजर-सफरचंदाचं होतं, ते याचमुळे. ही दोन्ही आपल्याकडे घाटावरून किंवा त्याहून लांबून येतात. आपल्या परसात असतात बोंडू (काजूचं रसाळ फळ), अननस, आवळे. कोकणातल्या घराने यंत्राची पारख गाजरावर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

बोंडूचंच घ्या. काजूची बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली टाकून देतात, आणि क जीवनसत्त्व मात्र त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. रसाने भरलेला, पण आतून चिवट धाग्यांचा. जलद ज्युसरमध्ये याचा फेसाळ चिखल होतो. स्लो ज्युसर तो स्वच्छ पिळतो, चोथा जवळजवळ कोरडा पडतो. घशाला लागणारा तुरटपणा कुठल्याच यंत्राने जात नाही. त्यासाठी साबुदाण्याची पातळ पेज शिजवून, गार करून रसात ढवळायची आणि भांडं न हलवता ठेवायचं. तुरटपणा गाळाबरोबर तळाशी बसतो, वरची निवळ ओतून घ्यायची. भांडं स्टीलचं हवं, लोखंडाने रस काळवंडतो. हे सगळं फ्रिजमध्ये ठेवूनच करायचं, कारण बोंडूचा रस बाहेर राहिला की लगेच आंबायला लागतो.

अननसाचे धागे लांब राहिले तर मळसूत्राला गुंडाळतात, म्हणून आडवे छेद देऊन लहान फोडी करा. आवळ्याची बी आधी काढा. जांभळं बियांसकट घालू नका, मळसूत्र अडकतं.

आता माझा सगळ्यात जुना राग. आंबा कुठल्याच ज्युसरचं फळ नाही! हापूसचा गर गाळायचा नसतोच, आख्खा खायचा असतो. ज्युसरमध्ये घातला तर जाळीवर चोपडून बसतो आणि उत्तम आंब्याचा अर्धा गर चोथ्याच्या भांड्यात जातो. हापूसला रेषा नसते, त्याला मिक्सरचं साधं भांडं पुरतं. रायवळाला, म्हणजे गावठी रेषाळ आंब्याला, तेही नको. मिक्सरचं पातं रेषा बारीक कापून रसात मिसळतं आणि मग त्या प्रत्येक घोटाला जिभेवर येतात. रायवळ हाताने माचवून पिळावा, रेषा बाठ्याला धरून राहतात. पपई, चिकू, केळं हीदेखील ज्युसरची फळं नाहीत. कलिंगडाला तर यंत्रच नको, कुस्करून चाळणीतून गाळलं की झालं. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की चव बिघडते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. स्लो ज्युसर महाग असतो, आवाज कमी करतो, वेळ जास्त घेतो. धुण्याचा त्रास दोन्हीकडे सारखा, जाळी वाळायच्या आत घासली नाही तर दोन्ही वैताग देतात. त्यातल्या त्यात पावसाळ्यात एक गोष्ट कामाची: स्लो ज्युसर साधारण १५० ते २५० वॉटवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर चालू शकतो. मिक्सरची मोटर बहुधा ५०० वॉट किंवा त्याच्या पुढची असते.

घरात मधुमेही माणूस असेल तर दोन्ही यंत्रं बाजूला ठेवा आणि फळ चावून खायला द्या, तेही बेताने. चोथा गेला की उरते ती मुख्यतः साखर आणि पाणी, यात स्लो आणि जलद असा भेद नाही.

आणि रातांबे (कोकमाची फळं) कृपा करून कशातच घालू नका. साल सोडवायची, त्यात साखर भरून बरणीत थर लावायचे, बरणी उन्हात ठेवायची. साखर स्वतःच सालीतला रस ओढून घेते. साखरेऐवजी मीठ वापरलं तर आगळ, म्हणजे खारवलेला कोकमरस होतो, आणि त्यालाही वीज लागत नाही.