क्लिअर अलाइनर : बालवयातील उपचार

दुधाचे आणि कायमचे दात तोंडात एकाच वेळी असतात त्या वयात, साधारण ६ ते १० वर्षांच्या मुलांमध्ये, काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांनी दातांची ठेवण सुधारण्याचा उपचार. हा पहिला टप्पा होय. कायमचे दात आल्यावर पुष्कळ मुलांना दुसरा टप्पाही लागतो, तारांचा किंवा पुन्हा अलाइनरचा. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने ‘इनव्हिजलाइन’ हे अलाइनर बाजारात आणले. या वयासाठीचे ‘इनव्हिजलाइन फर्स्ट’ २०१८ मध्ये आले.

दातांचे स्कॅन करून संगणकावर आखणी होते आणि त्यानुसार अलाइनरचे अनेक संच बनतात. एक संच दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा लावायचा. दुधाचे दात बुटके असल्याने पकड कमी मिळते, म्हणून त्यांवर दाताच्याच रंगाचे कंपोझिटचे (दातात भरतात त्या पदार्थाचे) लहान उंचवटे चिकटवतात. हिरडीतून वर येत असलेल्या दातासाठी अलाइनरमध्ये पोकळी सोडलेली असते. मध्येच दुधाचा दात पडला की अलाइनर सैल बसू शकतो आणि कधी नव्याने स्कॅन करावे लागते.

‘दुधाचे दात पडू दे, मग बघू’ हा घरोघरचा सल्ला नेहमीच बरोबर नसतो. वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, तर जबडा वाढत असतानाच उपचार करणे हिताचे. टाळूचा मधला सांधा या वयात पक्का जुळलेला नसतो, त्यामुळे अरुंद वरचा जबडा रुंदावणे सोपे जाते. मात्र जबडा बराच रुंदावायचा असेल तर त्यासाठीचे वेगळे उपकरणच वापरावे लागते. वरचे पुढचे दात फार बाहेर असतील, तर लवकर उपचाराने पडण्या-आपटण्यात ते तुटण्याचा धोका घटतो. पण अंतिम ठेवण किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारापेक्षा सरस ठरत नाही. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगायला हवे.

आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पटाशीच्या दातांत दिसणारी फट बहुधा सुळे उतरल्यावर आपोआप मिटते. तेवढ्यासाठी अलाइनर लावू नये. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही दातांची ठेवण सुधारणाऱ्या तज्ज्ञांची (ऑर्थोडॉन्टिस्टची) संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी सुचवते, ती तपासणीच, उपचार नव्हे.

दिवसाचे २० ते २२ तास तोंडात असला तरच अलाइनर काम करतो. खाताना तो काढावा लागतो, आणि शाळेत डबा खाताना रुमालात गुंडाळून ठेवलेला अलाइनर सहज हरवतो. तसे झाल्यास मागचा संच लावायचा की पुढचा, हे ऑर्थोडॉन्टिस्टला विचारूनच ठरवावे.