स्टेज 3 वेगळी, ग्रेड 3 वेगळा: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा रिपोर्ट वाचताना

माझ्या मावशीचा बायोप्सी रिपोर्ट आला, कोणीतरी त्यातलं 'ग्रेड 3' एवढंच वाचलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत 'थर्ड स्टेज निघालीय' असं झालं. मावशी दोन दिवस नीट जेवली नाही. मग एमआरआय वगैरे होऊन स्टेज ठरली ती वन बी वन, म्हणजे गाठ गर्भाशयाच्या तोंडापुरतीच आणि 2 सेंटीमीटरपेक्षा लहान. ते दोन दिवस उगाच गेले याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ग्रेड म्हणजे कॅन्सरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात ते. नॉर्मल पेशींशी बऱ्यापैकी मिळत्याजुळत्या असतील तर ग्रेड 1, ओळखूच येत नसतील इतक्या बिघडल्या असतील तर ग्रेड 3. रिपोर्टमध्ये 'पूअरली डिफरन्शिएटेड' लिहिलं असेल तर तेही हेच.

स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय ते, आणि ती बायोप्सीच्या बारीकशा तुकड्यावरून ठरत नाही, त्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि स्कॅन लागतात. यात फिगोची (स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) पद्धत वापरतात. पहिलीत आजार गर्भाशयमुखातच असतो, दुसरीत बाहेर पडलेला पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत न गेलेला. तिसरीत योनीच्या खालच्या भागात किंवा त्या भिंतीपर्यंत गेलेला, मूत्रनलिका दाबल्यामुळे किडनी सुजलेली, नाहीतर लिम्फ नोडमध्ये (लसीकेच्या छोट्या गाठींमध्ये) पोचलेला. चौथीत मूत्राशय, गुदाशय किंवा लांबचे अवयव.

आता खरा प्रश्न, पेशंट किती जगेल याचा अंदाज कशावरून बांधायचा? सगळ्यात जास्त वजन स्टेजला. अमेरिकेतल्या सीअर नावाच्या सरकारी कॅन्सर नोंदींमध्ये आजार जागच्या जागी असताना सापडलेल्यांचा पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट साधारण 90 टक्के आहे, आजूबाजूला किंवा नोडमध्ये गेलेला असेल तर 60च्या आसपास, आणि लांब पसरलेला असेल तर 20च्या जवळ. (हे तीन गट म्हणजे फिगोच्या स्टेज नव्हेत, हे पण लक्षात असू द्या.) आणि पाच वर्षांचा रेट याचा अर्थ 'पाचच वर्षं हातात आहेत' असा अजिबात नाही, शंभरातले किती जण पाच वर्षांनंतर हयात असतात एवढंच तो सांगतो, त्यातले कितीतरी पुढेही वर्षानुवर्षं व्यवस्थित जगतात.

ग्रेडचं वजन मात्र लोकांना वाटतं तेवढं नाही. या कॅन्सरचा सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे स्क्वॅमस (वरच्या थरातल्या चपट्या पेशींतून होणारा), आणि त्यात नुसत्या ग्रेडवरून पुढचं फारसं सांगता येत नाही. अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींतून होणारा प्रकार) असेल तर ग्रेडला जास्त अर्थ असतो, तिथे डॉक्टरांना जरूर विचारा. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये मी तरी ग्रेडच्या आधी गाठीचा साइझ, ती किती खोल गेलीय, रक्तवाहिन्या किंवा लिम्फच्या नळ्यांत पेशी दिसल्यात का आणि नोड पॉझिटिव्ह आहेत का हे बघेन, कारण पुढे रेडिएशन लागणार का हे बहुतेक यावरूनच ठरतं.

स्टेजचा आकडापण डोळे मिटून घेऊ नका. 2018 मध्ये फिगोने नियम बदलले, त्याआधी नोडमध्ये आजार असला तरी स्टेज बदलायची नाही, आता गाठ छोटी असली तरी एका नोडमुळे थेट थ्री सी होते. अशा पेशंटचं पुढचं चित्र थ्री सीच्याच पण मोठी, भिंतीला भिडलेली गाठ असलेल्या पेशंटपेक्षा बरंच चांगलं असू शकतं, आणि जुन्या तक्त्यांत हीच बाई पहिल्या स्टेजमध्ये मोजली गेली असती. म्हणून नेटवर स्टेजचा तक्ता सापडला तर तो 2018च्या आधीचा की नंतरचा हे आधी बघा.

अजून एक 3 आहे जो लोकांना घाबरवतो, सीआयएन 3. हा तर कॅन्सरच नाही, कॅन्सरच्या आधीची अवस्था आहे, त्यामुळे तिथे स्टेजचा विषयच येत नाही. पण उपचार न करता सोडून दिला तर 30 वर्षांत साधारण 30 टक्के बायकांमध्ये त्याचा कॅन्सर होतो, तेव्हा कॅन्सर नाही म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांनी सांगितलेली छोटी प्रोसिजर वेळेत करून घ्या.