कंपवाताची गोळी आणि वॉर्डाचं घड्याळ

कंपवाताचा (पार्किन्सनचा) रुग्ण दवाखान्यात दाखल होतो तो बहुतेक वेळा भलत्याच कारणाने: हर्निया, न्यूमोनिया, मोडलेला खुबा. घरी सकाळी सातला ठरलेली लेव्होडोपा, म्हणजे या आजारावरची मुख्य गोळी, तिथे औषधांच्या फेरीसोबत, साडेनवाला मिळते. पुष्कळशा औषधांना एवढा उशीर चालून जातो, हिला चालत नाही. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. आजार नवा असताना मेंदूतल्या उरलेल्या पेशी तिच्यापासून बनणारं डोपामीन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, साठवून वेळ मारून नेतात. पुढे त्या पेशीच घटतात आणि सगळी भिस्त गोळीच्या वेळेवर येते. वेळ चुकली की पाय जमिनीला खिळतात, कूस बदलता येत नाही, पाण्याच्या घोटानेही ठसका लागतो. गोळी अचानक बंद पडली तर ताप चढून, अंग ताठरून जिवावर बेतू शकतं. म्हणून ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगितलं, तर ही गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊ का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा.

मला जास्त धास्ती वाटते ती उलटीच्या इंजेक्शनची. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन मेंदूत डोपामीनची वाटच अडवतात. रात्री भ्रम झालेल्या आजोबांना शांत करायला दिलेलं हॅलोपेरिडॉलही तेच करतं. गोळी पोटात असूनही माणूस लाकडासारखा होतो आणि घरच्यांना वाटतं, आजारच बळावला. मळमळीवर ऑन्डॅनसेट्रॉन बहुतेकांना चालतं. अपोमॉर्फिन हे कंपवाताचंच दुसरं औषध घेणाऱ्यांना मात्र नाही. डोमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर तेही जपूनच. चक्करेवर सर्रास दिली जाणारी सिनारिझिनही टाळण्याच्या यादीत हवी.

डॉक्टरांना कसं विचारायचं, हा संकोच आपल्याकडे फार. त्यात या आजारात आवाज खोल जातो, चेहऱ्यावर त्रास उमटत नाही, त्यामुळे रुग्णाची तक्रार खाटेपलीकडे पोचतच नाही. गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम, नेमक्या वेळा आणि टाळायची औषधं यांचा कागद मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. सलाइनमधून काही सोडण्याआधी "सिस्टर, हे कुठलं औषध? यांना कंपवात आहे," एवढं सोबतच्या माणसाने म्हणायलाच हवं. तो उद्धटपणा नव्हे.

खाजकुयलीचं चूर्ण चालू असेल तर तेही त्या कागदावर लिहा. त्या बियांत लेव्होडोपाच असते, आणि ती डॉक्टरांच्या हिशेबात धरलेली नसते.