अंश सगळ्यांना दिसतो, छेद कुठे आहे?

सप्टेंबर २०२३ संपता संपता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. बातमी देशभर गेली. दोन-तीन दिवसांतच नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या मृत्यूंचे आकडेही ‘चोवीस तासांत इतके’ याच साच्यात छापून आले. चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण मथळ्यांत एक गोष्ट नव्हती : किती जणांपैकी? त्या दिवशी वॉर्डांत किती रुग्ण होते, त्यातले किती आयसीयूत होते, किती जण दुसऱ्या दवाखान्यातून शेवटच्या घटकेला पाठवलेले होते? शाळेत अपूर्णांक शिकवताना रेघेच्या वरच्या संख्येला अंश म्हणतात आणि खालचीला छेद. रुग्णालयांच्या बातम्यांत अंश तेवढा छापला जातो.

छेद चुकला की काय होतं, याचा सर्वांत गाजलेला नमुना खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावावर आहे. रुग्णालयांवरच्या त्यांच्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत एक तक्ता होता. आकडे विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाचे. लंडनच्या २४ रुग्णालयांत १८६१ साली ३,८२८ मृत्यू झाले, मृत्युदर ९०.८४ टक्के! म्हणजे दाखल झालेल्या दहांतले नऊ मेले? तसं अजिबात नव्हतं. छेदात घेतलेली संख्या होती ४,२१४, आणि ती ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांची होती. अंश वर्षभराचा, छेद एका दिवसाचा. समजा रुग्ण सरासरी ३६ दिवस राहत होता, तर एका खाटेवरून वर्षात दहा रुग्ण जातात आणि खरा मृत्युदर नव्वदावरून नऊ टक्क्यांवर येतो.

यातली मेख नुसत्या फुगलेल्या आकड्यात नाही. या हिशेबात जे रुग्णालय रुग्णाला लवकर बरं करून घरी पाठवतं, त्याची खाट अधिक वेळा भरते, वर्षाकाठी अधिक रुग्ण येतात, म्हणून मृत्यूही अधिक दिसतात. जे रुग्णाला महिनोन्‌महिने झोपवून ठेवतं, ते गुणवान ठरतं. छेद चुकला की क्रमवारी उलटी होऊ शकते. तेव्हाच्या डॉक्टरांनी नाइटिंगेलबाईंवर टीकेची झोड उठवली, आणि या मुद्द्यावर ती रास्त होती.

आता आपल्याकडे येऊ. सरकारी रुग्णालयांसाठी केंद्राची राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आहेत. आरोग्य खात्यात त्यांना ‘एनक्वास’ म्हणतात. जिल्हा रुग्णालयापासून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सगळ्यांची तपासणी याखाली होते. स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ आहे, तर बाळंतपणाची खोली आणि तिथलं शस्त्रक्रियागृह यांच्यासाठी डिसेंबर २०१७ पासून ‘लक्ष्य’. खासगी रुग्णालयांच्या दारावर ‘एनएबीएच’ची, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची पाटी दिसते. ती वाचताना इतकं पाहावं की प्रमाणपत्र प्रवेश पातळीचं आहे की पूर्ण मान्यतेचं. दोन्हींत बरंच अंतर आहे आणि पाटीवरची अक्षरं मात्र सारख्याच आकाराची असतात.

एनक्वासची रीत साधी आहे. मोठी तपासणी-यादी असते आणि प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण. सगळं जागेवर असेल तर २, निम्म्याहून जास्त पण अपुरं असेल तर १, निम्म्याहून कमी असेल तर शून्य. एका विभागात १०० मुद्दे धरले तर कमाल गुण २००. त्यातले ६० पूर्ण, ३० अर्धवट, १० नापास निघाले की १२० अधिक ३०, म्हणजे १५० गुण, ७५ टक्के. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात, पण नुसत्या एकूण बेरजेत नव्हे. प्रत्येक विभागात ७०, मूल्यमापनाच्या आठही क्षेत्रांत ७०, आणि कोणत्याही एका मानकात ५० च्या खाली जायचं नाही. प्रसूती विभाग चकाचक ठेवून रक्तपेढीचं अपयश झाकता येऊ नये, म्हणून ही अट. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मधल्या काळात राज्याची पथकं फेरतपासणी करतात.

गुण देण्याआधी परीक्षक चार वाटांनी खातरजमा करतो : स्वतः पाहणं, कर्मचाऱ्याला विचारणं, नोंदवही चाळणं, रुग्णाशी बोलणं. तो सफाई कर्मचाऱ्याला विचारेल, एक टक्का हायपोक्लोराइटचं जंतुनाशक कसं करता? डब्यातलं द्रावण पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी, हे उत्तर यायला हवं. ‘एक झाकण टाकतो’ म्हटलं की गुण गेला. पुढचा प्रश्न, कधी केलं होतं? हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्णतेने विघटित होतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना खिडकीशी उघडी ठेवलेली कालची बादली म्हणजे क्लोरीनचा वास येणारं जवळजवळ साधं पाणी. लसींच्या फ्रीजचंही तसंच. तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये हवं आणि दिवसातून दोनदा लिहायला हवं. महिनाभराच्या साठ नोंदी सगळ्या ४ अंशांच्या, एकाच पेनाने आणि एकाच हाताने लिहिलेल्या दिसल्या की अनुभवी परीक्षक फ्रीज उघडून बघायच्या आधीच नकारार्थी मान हलवतो. खऱ्या थर्मामीटरचे आकडे थोडे वरखाली होतातच.

या पद्धतीचे दोष उघड आहेत. भिंतीवरच्या फलकालाही कमाल दोन गुण आणि ऑक्सिजनच्या राखीव साठ्यालाही दोनच. तारीख आधी कळवलेली असते, त्यामुळे आदल्या आठवड्यात रंगरंगोटी होते आणि परीक्षकांना ताज्या रंगाचा वास येतो. तरीही गुणांचा बहुतांश भार कामाच्या पद्धतीवर ठेवला आहे, मृत्युदरावर नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. ‘दहा वेळा रुग्णाला हात लावला, त्यांपैकी सात वेळा आधी हात धुतले’ यात छेद डोळ्यांसमोर असतो. मृत्युदराचा छेद शोधायला मात्र गणित लागतं.

दोन काल्पनिक रुग्णालयं घेऊ. ‘अ’ हे शहरातलं मध्यम दर्जाचं खासगी. ‘ब’ हे मेडिकलसारखं मोठं सरकारी, जिथे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. दोन्हींकडे वर्षात हजार-हजार रुग्ण दाखल झाले.

‘अ’कडे ९०० सौम्य रुग्ण आले, १८ दगावले, म्हणजे २ टक्के. गंभीर १०० आले, २५ दगावले, २५ टक्के. एकूण ४३ मृत्यू, दर ४.३ टक्के.

‘ब’कडे सौम्य २०० आले, २ दगावले, १ टक्का. गंभीर ८०० आले, १६० दगावले, २० टक्के. एकूण १६२ मृत्यू, दर १६.२ टक्के.

पुन्हा पाहा. सौम्य रुग्णांत ‘ब’ सरस, गंभीर रुग्णांतही ‘ब’ सरस, आणि बेरीज केली की ‘ब’ जवळजवळ चौपट वाईट. गणितात चूक कुठेही नाही. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. रुग्णालयाची गुणवत्ता आणि त्याच्या दारात येणाऱ्या आजाराची तीव्रता या दोन गोष्टी एकाच टक्केवारीत मिसळल्या की हे होतं.

यावरचा उपाय म्हणजे छेदच बदलायचा. रुग्णांची संख्या छेदात घेण्याऐवजी ‘अपेक्षित मृत्यू’ घ्यायचे. समजा राज्यभरातला सरासरी दर सौम्य रुग्णांत १.५ टक्के आणि गंभीर रुग्णांत २२ टक्के आहे. तर ‘अ’च्या ९०० सौम्य रुग्णांत १३.५ आणि १०० गंभीर रुग्णांत २२, असे ३५.५ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४३ झाले. ४३ भागिले ३५.५, म्हणजे १.२१. ‘ब’कडे ३ अधिक १७६, म्हणजे १७९ अपेक्षित, प्रत्यक्षात १६२, गुणोत्तर ०.९१. एकापेक्षा जास्त म्हणजे सरासरीहून वाईट, कमी म्हणजे चांगलं. क्रम सुलटला. प्रत्यक्षात दोन गट पुरत नाहीत. वय, निदान, येतानाचा रक्तदाब, शुद्धीची पातळी, मधुमेह, मूत्रपिंडाची स्थिती असे घटक घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन या तंत्राने प्रत्येक रुग्णाची मृत्यूची शक्यता काढतात आणि त्या सगळ्या शक्यतांची बेरीज हाच छेद.

हे नीट न केल्याचा धडा अमेरिकेला मिळाला. १९८६ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने रुग्णालयांचे मृत्युदर जाहीर केले. अपेक्षेहून सर्वांत जास्त मृत्यू जिथे दिसले, ती संस्था म्हणजे मरणासन्न रुग्णांना शेवटचे दिवस वेदनेविना काढता यावेत म्हणून चालवलेलं शुश्रूषागृह निघालं. आणि छेद नीट काढला तरी माणसं छेदालाच हात घालतात. न्यूयॉर्क राज्यात हृदयाच्या बायपासचे निकाल जाहीर होऊ लागले त्या काळात, १९८९ ते १९९१ मध्ये, रुग्णांना फुप्फुसाचा जुनाट आजार असल्याच्या नोंदी दुपटीहून वाढल्या. तेवढ्यात न्यूयॉर्कची हवा काही बिघडली नव्हती. रुग्ण कागदावर जितका आजारी, तितके अपेक्षित मृत्यू जास्त आणि गुणोत्तर तितकं देखणं.

दुसरी अडचण लहान आकड्यांची. खरा मृत्युदर सगळीकडे २ टक्केच आहे असं धरू. वर्षाला १०० रुग्ण घेणाऱ्या दवाखान्यात एकही मृत्यू न होण्याची शक्यता ०.९८ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के. असे शंभर दवाखाने असतील तर त्यांतले तेरा काही वेगळं न करता ‘शून्य मृत्यू’चा फलक लावतील. काहींचा दर ४-५ टक्के निघेल आणि ते कारवाईच्या यादीत जातील. पुढच्या वर्षी दोन्ही याद्यांतली नावं बदलतील. दहा हजार रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाचा दर मात्र बहुतेक वर्षी १.७ ते २.३ च्या मध्ये राहील. हेलकावा रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने घटतो : रुग्ण शंभरपट, हेलकावा दहाव्या हिश्शावर. आलेखावर आडव्या अक्षावर रुग्णसंख्या आणि उभ्यावर दर घेतला तर नैसर्गिक चढउताराच्या दोन सीमारेषा डावीकडे रुंद आणि उजवीकडे चिंचोळ्या होत जातात, आडव्या धरलेल्या नरसाळ्यासारख्या. नरसाळ्याच्या आत जे आहेत त्यांना क्रमांक देणं म्हणजे सोडत काढणं. चौकशी नरसाळ्याबाहेरच्यांची करायची. नीती आयोगाने २०२१ मध्ये ७०७ जिल्हा रुग्णालयांचा दहा निकषांवरचा अहवाल काढला, तेव्हा २०० खाटांपर्यंत, २०१ ते ३०० आणि ३०० च्या वर असे गट पाडले. बरोबरीच्यांची तुलना व्हावी म्हणून हे योग्यच, पण एका गटाच्या आतला हेलकावा त्याने जात नाही.

नरसाळं काळालाही लागू पडतं. रोज सरासरी दहा मृत्यू होणारं मोठं रुग्णालय कल्पा. तिथे कोणीही चुकलं नाही तरी वर्षातले सुमारे दहा दिवस असे निघतील जेव्हा मृत्यू सतरा किंवा जास्त असतील. त्या दहांपैकी निदान एक दिवस अमावास्येच्या आगेमागे पडण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त आहे. तेवढाच लक्षात राहतो आणि ‘अमावास्येला वॉर्ड जड जातो’ ही समजूत पुढच्या पाळीकडे सोपवली जाते. पौर्णिमेचा हिशेबही हाच येतो, फक्त तो कोणी मांडत नाही. मात्र दहाच्या सरासरीवर एका दिवशी चोवीस झाले, तर ते नरसाळ्याच्या फार बाहेर असतं. तिथे योगायोग म्हणून हात झटकता येत नाहीत.

छेदातून आणि अंशातून रुग्ण गायब करण्याची एक रीत मात्र कोणत्याही सूत्राला पुरून उरते. रुग्ण हाताबाहेर चालला की चिठ्ठी लिहून त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. रात्री दोनला रुग्णवाहिका मेडिकलच्या दारात येते, पहाटे पाचला मृत्यू होतो, आणि तो मेडिकलच्या खात्यात पडतो. पाठवणाऱ्याच्या रजिस्टरात ‘रेफर’ एवढीच नोंद राहते. किंवा नातेवाइकांची सही घेऊन ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ असं लिहायचं. याला तोड म्हणून काही देशांत दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू, तो घरी होवो की दुसऱ्या रुग्णालयात, मोजतात. त्यासाठी रुग्णाचा एकच क्रमांक सगळ्या दवाखान्यांत आणि मृत्युनोंदणीतही चालावा लागतो.

नाइटिंगेलबाईंना हे ठाऊक होतं. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकच नमुना-तक्ता सुचवला होता. वर्षारंभी असलेले रुग्ण, नव्याने आलेले, बरे होऊन गेलेले, मृत, वर्षअखेरीस उरलेले आणि सरासरी मुक्कामाचे दिवस अशा बाबी त्यांना हव्या होत्या. बरे झालेले आणि मृत यांच्या मधोमध आणखी एक रकाना होता : बरे न होताच गेलेले, असाध्य ठरलेले किंवा स्वतःच्या विनंतीवरून सोडलेले. त्या रकान्यातल्या शेवटच्या प्रकाराला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेल्या सुट्टीला, आज वॉर्डात ‘डामा’ म्हणतात.