चौकातले बघे आणि काळी चकती

मागे सायन्स डे ला भाचीला घेऊन पाषाणला एका लॅबमधे गेलो होतो, तिथे थर्माकोलच्या वाटीत लिक्विड नायट्रोजन ओतून त्यात काळी चकती ठेवलेली आणि तिच्यावर इवलंसं मॅग्नेट अधांतरी. भाची म्हणे, मामा, याला धरलंय कोणी? ती चकती म्हणजे यट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइड, 93 केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर, म्हणजे वीज अजिबात विरोध न होता वाहते आणि मॅग्नेटला दूर ठेवलं जातं, आणि नायट्रोजन उकळतो 77 ला, म्हणून एवढ्या स्वस्तात जमतं.

हे का होतं याची जुनी थिअरी 1957 ची, बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांची. तिच्यात इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि म्हणून वीज विनाविरोध वाहते, पण एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन जोडीने कसे काय फिरतात? आता पुण्यातला चौक घ्या. कोणाची तरी गाडी स्लिप होते, तो उठून कपडे झटकून निघूनही जातो, तोवर बघे जमलेले असतात आणि मागून येणारा ती गर्दी बघूनच गाडी हळू करतो, पडलेला माणूस त्याने पाहिलेलाच नसतो. धातूत तेच. इलेक्ट्रॉन सुसाट जातो, त्याच्याकडे लॅटिसमधले, म्हणजे अणूंच्या जाळीतले, पॉझिटिव्ह आयन जरासे सरकतात, पण ते हजारो पट जड, त्यामुळे निवांत, ते सरकेपर्यंत हा पुढे गेलेला, मागे उरते पॉझिटिव्ह गर्दी आणि तिच्याकडे दुसरा ओढला जातो. दोघं समोरासमोर येतच नाहीत, म्हणून भांडण टळतं.

1986 ला झ्युरिकला बेडनॉर्झ आणि म्यूलरना कॉपर ऑक्साइडचा सुपरकंडक्टर सापडला, वर्षभरात गाडी 93 वर. एवढं लॅटिसच्या बापाला जमणार नाही असं बहुतेकांनी ठरवून टाकलं, गंमत म्हणजे म्यूलर ऑक्साइडकडे वळले होते ते लॅटिसच्याच विचाराने. मग टेस्ट झाली, ऑक्सिजन 16 काढून जड ऑक्सिजन 18 घातला, कारण काम लॅटिसचं असेल तर जड अणूंनी ती हळू थरथरणार आणि सुपरकंडक्टर होण्याचं तापमान उतरणार. सगळ्यात चांगल्या सॅम्पलमधे तापमान जेमतेम हललं, म्हणजे मुख्य काम इलेक्ट्रॉनच्या आपसातल्या ढकलाढकलीचं आणि स्पिनचं (इलेक्ट्रॉनच्या इवल्याशा मॅग्नेटपणाचं), असं आज बरेच जण मानतात. पण फिरता चार्ज कमी असलेल्या सॅम्पलमधे तोच फरक चांगला वाढतो, म्हणून मला तरी वाटतं लॅटिसला जरा लवकरच घरी बसवलं.

कारण 2015 ला जर्मनीत हायड्रोजन सल्फाइड पंधरा लाख अॅटमॉस्फिअरखाली दाबलं तर ते सुपरकंडक्टर झालं 203 केल्विनला, म्हणजे उणे 70 सेल्सिअस! हायड्रोजन हलका, म्हणून लॅटिस भराभर थरथरते. त्याजागी दुप्पट जड ड्युटेरियम घातला तर आकडा दणकन 150 च्या आसपास आला.