‘साठी बुद्धी नाठी’ आणि बदललेला स्वभाव

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत वडीलधाऱ्यांचा पालटलेला स्वभाव घरात खपवून घेतला जातो. हे चूक आहे. वयानं माणूस सावकाश होतो. पण जन्मभर काटकसर केलेल्यानं पैसे उधळणं, तापानं फणफणलेल्या बायकोची साधी विचारपूसही न करणं, डब्यातले लाडू अधाशासारखे संपवणं हे म्हातारपण नव्हे. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होण्याचा आजार, अनेकदा असाच सुरू होतो, बहुधा ४५ ते ६५ या वयात. सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते, म्हणून ‘सगळं आठवतंय की!’ या भरवशावर वर्षं वाया जातात.

बदल दोन-तीन दिवसांतच झाला असेल, तर लघवीचा संसर्ग, घटलेलं सोडियम किंवा नवी झोपेची गोळी कारण असू शकते; त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळूहळू झाला असेल, तर काय बदललं ते तारखांसह लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. बी-१२, थायरॉईडही तपासा.