मलम, लाल दिवा आणि त्वचेचा कॅन्सर

त्वचेच्या काही कॅन्सरवर लावायचं मेथिल अमिनोलेव्ह्युलिनेटचं मलम स्वतः एकही पेशी मारत नाही. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन-९ नावाचं रंगद्रव्य तयार करतात. निरोगी पेशी त्यात लोह मिसळून हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) बनवतात आणि मोकळ्या होतात. कॅन्सरच्या पेशींत हे शेवटचं काम रेंगाळतं, म्हणून रंगद्रव्य तिथेच साचतं. त्यावर सुमारे ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडला, की जवळचा ऑक्सिजन कमालीचा क्रियाशील होऊन ती पेशी मारतो. या ऑक्सिजनचा पल्ला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. फोटोडायनॅमिक थेरपी ती हीच.

वरवरचा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा हळू वाढणारा कॅन्सर) आणि बोवेनचा आजार (त्वचेच्या वरच्या थरापुरताच असलेला कॅन्सर) यांना ती मानवते. बायॉप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासून, निदान पक्कं झालं की आधी क्युरेट नावाच्या खरवडणीने खपली खरवडतात. इथे घाई झाली तर सगळंच फुकट, कारण खपलीखाली मलम शिरतच नाही. मग १ मिलिमीटर जाड थर, कडेच्या ५ मिलिमीटर चांगल्या त्वचेवरही, आणि वर पट्टी. ३ तासांनी मलम पुसून दर चौरस सेंटिमीटरला ३७ ज्यूल प्रकाश देतात. एलईडी दिव्याखाली साधारण सात ते दहा मिनिटं लागतात. आग मात्र चांगलीच होते, चेहऱ्यावर आणि डोक्याच्या त्वचेवर जास्त. थंड हवेचा झोत देतात, फारच झालं तर नस बधिर करतात. आठवड्याने हेच पुन्हा.

आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. भारतीय त्वचेवरचा बेसल सेल पुष्कळदा काळपट असतो, तीळच वाटावा असा. त्यातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं काळं रंगद्रव्य, प्रकाश वरच्यावर शोषून घेतं आणि खालच्या पेशी वाचतात. अशा गाठीला, तसंच खोलवर गेलेल्या गाठीला, शस्त्रक्रियाच बरी. मेलॅनोमावर, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरवर, तर हा उपचार करूच नये.

नंतरचे ४८ तास ती जागा झाकलेली हवी. परळहून दुपारच्या लोकलने घरी जाताना दारात उभं राहू नका, उन्हाकडची खिडकीही नको. नेहमीचं सनस्क्रीन मुख्यतः अतिनील किरण अडवतं, पण उरलेलं रंगद्रव्य साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही पेटतं. म्हणून जुलैतल्या ढगाळ दिवशीही पट्टी काढायची नाही. तीन महिन्यांनी तपासणीला जायचंच. शस्त्रक्रियेच्या तुलनेत इथे आजार उलटण्याची शक्यता जास्त, आणि जागा वरून स्वच्छ दिसली तरी खाली पेशी उरलेल्या असू शकतात. शंका आली तर पुन्हा बायॉप्सी.